पिल्लाची शी-शू आणि घराचे आरोग्य

गेल्या काही वर्षांत बुलढाणा, खामगाव, चिखली, मलकापूर अशा गावांतून लहान चणीची कुत्री घराघरांत दिसू लागली आहेत. पॉमेरियन, पग, शिह त्झू, ल्हासा अशी नावे आता लहान मुलांनाही पाठ असतात. पूर्वी आपल्याकडे कुत्रा म्हणजे शेतातल्या गोठ्याचा किंवा वाड्याच्या दारातला राखणदार. तो घरात येत नसे, त्यामुळे तो शी-शू कुठे करतो हा प्रश्नही कुणाला पडत नसे. आता पिल्लू दोन खोल्यांच्या घरात, टाइल्सच्या फरशीवर आणि पुष्कळदा मुलांच्या अंथरुणात राहते. मग पहिल्याच आठवड्यात घरात एकच विषय सुरू होतो, "यानं आज पुन्हा हॉलमध्ये केलं!"

हा विषय जनावरांच्या डॉक्टरांचा आहे, माणसांच्या डॉक्टरने त्यावर का लिहावे, असे कुणी विचारील. कारण तो आमच्याकडेही येतोच. कुत्रा चावल्यावरच्या इंजेक्शनसाठी सरकारी दवाखान्यात येणाऱ्यांत रस्त्यावरच्या कुत्र्यांनी चावलेले अधिक असतात हे खरे. पण "घरचंच पिलू आहे डॉक्टरसाहेब, सहज दात लागला," असे सांगणारेही असतात. थोडे खोदून विचारले की कळते, पिल्लाने गादीवर लघवी केली होती, कुणीतरी चप्पल उगारली, त्याचे नाक ओल्या जागी घासले आणि घाबरलेल्या पिल्लाने बोटाला चावा घेतला. ओल्या फरशीवरून घसरून पडलेल्या आजी हा दुसरा प्रकार. फरशी पुसायला कुणी नसल्याने दोन दिवस साचलेली घाण आणि त्यातच रांगणारे बाळ, हा तिसरा. म्हणून पिल्लाला योग्य जागी शी-शू करायला शिकवणे हा घराच्या आरोग्याचाच भाग आहे.

आधी पिल्लाचे शरीर समजून घ्या

जन्मल्यावर पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून लघवी किंवा शी करताच येत नाही. आई त्याचे पोट आणि मागचा भाग चाटते, तेव्हा ती क्रिया होते, आणि आईच ते चाटून जागा स्वच्छ ठेवते. तिसऱ्या आठवड्यानंतर पिल्लू चालू लागते आणि आपल्या झोपण्याच्या जागेपासून थोडे दूर जाऊन शी-शू करू लागते. "जिथे झोपतो तिथे घाण करायची नाही" ही जाण त्याच्यात उपजतच असते. पुढे साधारण पाचव्या ते आठव्या आठवड्यात त्याच्या पायाखाली जे लागते, माती, गवत, रद्दी, फरशी, त्याची त्याला सवय जडते. म्हणजे तुमच्या घरी येण्याआधीच पिल्लू काहीतरी शिकून आलेले असते. ज्याच्याकडून आणले त्याला "हे कशावर करत होतं?" एवढा एक प्रश्न विचारला तर निम्मे काम हलके होते.

आता मूत्राशयाचा हिशेब. ढोबळ नियम असा की, पिल्लू जितक्या महिन्यांचे, त्यात एक मिळवला की तितके तास ते जास्तीत जास्त लघवी रोखू शकते. दोन महिन्यांचे पिल्लू फार तर तीन तास. पण ही कमाल मर्यादा आहे आणि तीही झोपेत. जागे असताना, खेळताना ती तासाभरावर येते. लहान जातीच्या पिल्लाचे मूत्राशय त्याच्या देहासारखेच चिमुकले असते, त्यामुळे त्याला अधिक वेळा जावे लागते. दीड वर्षाच्या बाळाने चड्डी ओली केली तर आपण त्याला दोष देत नाही. मूत्राशयावर मेंदूचा ताबा यायला वेळ लागतो हे आपण जाणतो. पिल्लाचेही तसेच आहे. हा ताबा बहुतेकांना चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान येतो. लहान जातींना याहून जास्त वेळ लागू शकतो आणि काही पिल्ले वर्षभरही घेतात.

लहान जाती शिकायला मंद असतात असा समज आहे, तो खरा नाही. खरे कारण आपल्या वागण्यात आहे. मोठ्या कुत्र्याने घरात केले तर तळे साचते, म्हणून मालक पहिल्या दिवसापासून कडक असतो. पॉमेरियनने केलेला चमचाभर ओलावा सोफ्यामागे दिसतही नाही, दिसला तरी "राहू दे, लहान आहे," म्हणून सोडला जातो. अशी पन्नास वेळा सूट मिळाली की सोफ्यामागची जागा हीच त्याची मोरी होते.

वेळापत्रक हेच निम्मे औषध

जेवण पोटात गेले की मोठे आतडे हालचाल करू लागते. हे माणसातही होते. सकाळचा चहा घेतला की अनेकांना संडासला लागते, ते यामुळेच. पिल्लात ही क्रिया जास्त जोरकस असते. म्हणून जेवल्यानंतर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासाच्या आत त्याला जागेवर न्यायचे. याखेरीज झोपेतून उठल्याबरोबर, खेळून झाल्यावर, पाणी प्यायल्यावर थोड्या वेळाने आणि रात्री झोपण्याआधी न्यायचे. दोन-तीन महिन्यांच्या लहान जातीच्या पिल्लाला दिवसा दर तास-दीड तासाने आणि रात्री एक-दोनदा उठून न्यावे लागते. हे त्रासाचे आहे, पण ते काही आठवडेच असते.

पिल्लू फरशी हुंगत गोल गोल फिरू लागले, खेळता खेळता एकदम थांबून कोपऱ्याकडे निघाले, दाराशी जाऊन कुँकुँ करू लागले की समजावे, वेळ आली. त्याला अलगद उचलून जागेवर ठेवावे.

जेवणाची वेळ ठरलेली असेल तर शीची वेळही ठरते. दिवसभर वाटी भरून ठेवू नये. तीन-चार ठरावीक वेळी द्यावे आणि पंधरा-वीस मिनिटांनी वाटी उचलावी. लहान जातीच्या पिल्लाला मात्र उपाशी ठेवू नये. त्याच्या अंगात साखरेचा साठा थोडा असतो आणि बराच वेळ पोट रिकामे राहिले तर ते लटपटते, झटकेही येऊ शकतात. "सकाळपासून खायलाच दिलं नाही, म्हणजे शी करणार नाही," हा उपाय जिवावर बेतू शकतो.

आपल्याकडे पिल्लू आणले की दूध-पोळी ठरलेली. पण गाई-म्हशीच्या दुधातली साखर अनेक पिल्लांना पचत नाही, त्यांना पातळ शी होते. पातळ शी रोखून धरणे पिल्लाच्या हाती नसते. म्हणून सवय लागत नसेल तर आधी दूध बंद करून बघावे. पशुवैद्यकांच्या सल्ल्याने पिल्लांचे तयार खाद्य किंवा शिजवलेला भात, अंडे, कोंबडी असे काही सुरू करावे. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कधीही देऊ नये. ही कुत्र्याला विषासारखी आहेत.

पाण्याबद्दल एक ताकीद. शू कमी व्हावी म्हणून पाणी तोडू नये. आपल्या जिल्ह्यात घाटाखाली, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगावच्या पट्ट्यात, एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर राहतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला धापा टाकून अंग थंड करता येत नाही, त्याला उष्माघात लवकर होतो. दिवसभर स्वच्छ पाणी समोर असलेच पाहिजे. झोपण्याआधी तास-दीड तास वाटी उचलली तर चालते, पण तेही कडक उन्हाळ्यात नको.

जागा एकच, शब्द एकच

घरात कुणी म्हणते गच्चीवर, कुणी न्हाणीत, कुणी अंगणात. पिल्लू गोंधळते. घरातल्या सगळ्यांनी बसून जागा एकदा ठरवावी. अंगण असेल तर त्याचा एक कोपरा, फ्लॅट असेल तर बाल्कनीत किंवा न्हाणीच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा उथळ ट्रे. ट्रेमध्ये रद्दी, किंवा पुढे पिल्लाला बाहेर न्यायचे असेल तर सुकी माती किंवा गवताचा तुकडा ठेवावा. रद्दी बदलताना जुन्या ओल्या कागदाचा छोटा तुकडा नव्या कागदाखाली ठेवला की वासाने त्याला जागा ओळखता येते. मात्र रद्दीची सवय लागलेले पिल्लू जमिनीवर पडलेल्या ताज्या वर्तमानपत्रावरही बसेल. तो त्याचा दोष नाही.

पिल्लाला लगेच रस्त्यावर फिरवायला काढू नये. पार्व्हो नावाच्या विषाणूमुळे पिल्लांना रक्ताची हगवण लागते आणि ती प्राणघातक ठरते. हा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो आणि मातीत महिनोन्महिने टिकतो. त्यावरची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सुमारे चार महिन्यांचे होईपर्यंत तिचे डोस चालतात. तोवर इतर कुत्री जिथे येत नाहीत अशीच जागा निवडावी.

उन्हाळ्यात स्लॅब दुपारी तव्यासारखा तापतो. आपल्या तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेवून बघावी. आपल्याला सोसत नसेल तर पिल्लाच्या पायालाही सोसणार नाही. एकदा पाय भाजला की ते त्या जागेलाच घाबरते आणि शिकवलेले सगळे पुसले जाते. पावसाळ्यातही लहान पिल्ले भिजल्या गवतावर जायला कुरकुरतात, त्यांच्यासाठी आडोसा हवा.

जागेवर नेल्यावर खेळायचे नाही, बोलत बसायचे नाही. "शू कर" किंवा घरात ठरेल तो एक शब्द, शांतपणे, प्रत्येकाने तोच वापरायचा. पाच-सात मिनिटांत काही झाले नाही तर आत आणायचे, पण मोकळे सोडायचे नाही. मांडीवर किंवा नजरेसमोर ठेवून पंधरा मिनिटांनी पुन्हा न्यायचे.

लक्ष देता येणार नसेल तेव्हा पिल्लाला त्याच्या अंथरुणासह छोट्या बंदिस्त जागेत ठेवावे. महागडा पिंजराच हवा असे नाही. हवा खेळती राहील असा मोठा खोका किंवा खाटेच्या आडोशाने केलेला कोपराही चालतो. जागा उभे राहता, वळता, पसरता येईल एवढीच असावी. फार मोठी असेल तर एका टोकाला झोप आणि दुसऱ्या टोकाला शू अशी सोय ते स्वतःच करून घेते. मात्र दोन तासांपेक्षा जास्त कोंडू नये, साखळीने बांधून तर नकोच. ज्या घरी सकाळी दहा ते सायंकाळी सहा कुणीच नसते, त्यांनी दोन महिन्यांचे पिल्लू आणण्याआधी पुन्हा विचार करावा.

शाबासकीची घाई करा

रशियाचे शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्ह यांना १९०४ साली पचनक्रियेवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्यांच्या लाळेचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आले की, अन्नाशी जोडला गेलेला एखादा संकेत मिळाला तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. प्राणी दोन गोष्टी लागोपाठ घडल्या की त्यांची सांगड घालतात, हा त्याचा गाभा. "लागोपाठ" या शब्दाला फार महत्त्व आहे. पिल्लाने योग्य जागी शू केली की ती संपताक्षणी, एक-दोन सेकंदांत, "शाबास" म्हणून उकडलेल्या अंड्याचा किंवा कोंबडीचा हरभऱ्याएवढा तुकडा द्यावा. आत येऊन फ्रिज उघडून दिला, तर पिल्लू एवढेच शिकते की फ्रिजजवळ आलो की खाऊ मिळतो. म्हणून तुकडे खिशात घेऊनच बाहेर जावे.

मार का नको

हाच नियम शिक्षेलाही लागू पडतो. तुम्ही बाजारातून आलात, कोपऱ्यात ओले दिसले, पिल्लाला ओढत नेऊन नाक घासले. पण त्याने ते अर्ध्या तासापूर्वी केलेले असते. त्याला कळते ते इतकेच, की मालक घरी आला की मार बसतो. मग ते मान खाली घालते, शेपूट पोटाशी घेते. आपण म्हणतो, "बघा, याला चूक कळली." ती चूक कळल्याची खूण नसते, ती भीती असते.

करताना पकडून मारले तर वेगळाच धडा मिळतो, माणसासमोर करायचे नाही. मग ते पलंगाखाली, पडद्यामागे करू लागते आणि तुम्ही बाहेर नेले तरी तुमच्यासमोर करत नाही. काही पिल्ले तर इतकी घाबरतात की मोठ्याने बोलताच त्यांची थेंब थेंब शू होते. तिथे रागावणे म्हणजे आगीत तेल ओतणे.

आणि शेवटी दात. २००९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी, वागणुकीच्या तक्रारींसाठी कुत्री घेऊन येणाऱ्या मालकांची पाहणी प्रसिद्ध केली. कुत्र्याला मारणे किंवा लाथ घालणे हा उपाय ज्यांनी केला होता, त्यांपैकी दहातल्या सुमारे चार जणांवर कुत्रा उलटला होता. ही कुत्री मुळात तक्रारीची होती हे लक्षात घेतले तरी बोध स्पष्ट आहे. घरात चप्पल उगारणारा बहुधा मोठा माणूस असतो, पण चावा बसतो तो पुष्कळदा त्या पिल्लाला कुशीत घेणाऱ्या मुलाला.

करताना दिसले तर टाळी वाजवून किंवा "अरे अरे" एवढे म्हणून थांबवावे, उचलून जागेवर न्यावे, तिथे उरलेले केले तर शाबासकी द्यावी. नंतर दिसले तर काही न बोलता पुसून टाकावे. राग आलाच तर तो पोछ्यावर काढावा.

पुसायचे कसे

कुत्र्याचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते. आपल्याला स्वच्छ वाटणाऱ्या जागेवर त्याला जुना वास येतो आणि ते पुन्हा तिथेच बसते. आधी रद्दीने किंवा जुन्या कापडाने सगळे टिपून घ्यावे, चोळू नये. मग साबणाच्या पाण्याने धुवावे. नंतर पाण्यात थोडे व्हिनेगर मिसळून पुसले की वास मरतो, पण संगमरवर आणि शहाबादी फरशीवर व्हिनेगरचे डाग पडतात, तिथे खाण्याचा सोडा भुरभुरून तासाभराने झाडून घ्यावा. गादी-सतरंजीसाठी लघवीचे घटक तोडणारी एन्झाइमची द्रावणे औषधांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळतात.

लघवीवर थेट ब्लीचिंग पावडर टाकू नये. लघवीतील अमोनियाशी तिचा संयोग होऊन घसा आणि छाती जाळणारा वायू तयार होतो. दम्याच्या रुग्णांना त्याचा फार त्रास होतो. ब्लीचिंग आणि संडास साफ करायचे ॲसिड तर कधीही एकत्र करू नये. फिनाइलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून पिल्लू चालते आणि मग पाय चाटते, म्हणून फरशी पूर्ण वाळेपर्यंत त्याला दूर ठेवावे.

जिथे नळाला आठवड्यातून एखादा दिवस पाणी येते, तिथे रोज बाल्कनी धुणे परवडत नाही. ट्रे आणि मातीची पद्धत अशा घरांना सोयीची आहे. ओली माती आणि शी सुपलीने उचलली की काम झाले, पाणी फक्त हात धुवायला लागते.

आणखी एक गोष्ट घरातल्या वृद्धांसाठी. टाइल्सवरचा चार थेंबांचा ओलावा दिसत नाही. साठी-सत्तरीत हाडे ठिसूळ झालेली असतात आणि एकदा खुब्याचे हाड मोडले की त्या घराचे वर्ष त्यातच जाते. पिल्लू शिकेपर्यंत रात्री संडासच्या वाटेवर छोटा दिवा चालू ठेवावा, त्या वाटेवर पिल्लाला झोपवू नये. मधुमेहींनी तर घरातही अनवाणी फिरू नये.

शीमध्ये काय असते

पिल्लांच्या पोटात गोल जंत जवळजवळ ठरलेलेच. कुत्री गाभण असताना तिच्या अंगातील जंतांच्या अळ्या पोटातल्या पिल्लांत उतरतात, पुढे दुधातूनही जातात. म्हणून अगदी स्वच्छ घरात जन्मलेले, गुटगुटीत पिल्लूही जंतमुक्त नसते. या जंतांची अंडी शीतून बाहेर पडतात. मातीत खेळून तोंडात बोट घालणाऱ्या मुलाच्या पोटात ती गेली, तर अळ्या यकृतात, फुफ्फुसात, क्वचित डोळ्यात शिरतात. डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते.

पण यात एक दिलासा आहे. ताज्या शीतील अंडी लगेच रोग देत नाहीत. ती पक्व व्हायला साधारण दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणजे रोजची शी रोज उचलली तर हा धोका बहुतांशी संपतो. शी कागदात गुंडाळून, पिशवीत बांधून कचरागाडीत द्यावी किंवा खड्ड्यात पुरावी. भाजीच्या वाफ्यात खत म्हणून टाकू नये. कुत्र्यांच्या आकडे जंताच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात आणि कातडीखाली नागमोडी, खाजरी रेघ उमटते. मुलांच्या खेळण्याची माती आणि पिल्लाची माती वेगळी हवी.

पिल्लाला जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी, दोन महिन्यांनंतर दर महिन्याला आणि सहा महिन्यांनंतर पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे द्यावे. खाटकाकडचे कच्चे काळीज, फुफ्फुस कुत्र्याला घालू नये. त्यातून एक फीतकृमी कुत्र्यात वाढतो आणि त्याच्या अंड्यांमुळे माणसाच्या यकृतात मोठ्या गाठी होतात.

लघवीतून पसरणारा मुख्य आजार लेप्टोस्पायरोसिस. तो उंदरांचा म्हणून ओळखला जातो, पण लागण झालेला कुत्राही लघवीतून हे जंतू सोडतो, आणि तो आजारी दिसेलच असे नाही. पावसाळ्यात, ओल्या जागी हे जंतू जास्त टिकतात. पायाला भेग किंवा जखम असलेल्याने लघवी पुसताना हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालावी. कुत्र्यांसाठी याची लस आहे. पोटात केस गेले की गाठ होते, हा समज मात्र खोटा आहे. गरोदर बाईने घाबरावे असा टॉक्सोप्लाझ्मा हा आजारही मांजराच्या विष्ठेतून येतो, कुत्र्याच्या नव्हे.

दात लागला तर

देशात २०२४ या एका वर्षात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटनांची नोंद झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने मरतात, आणि त्यांत चाळीस टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. एकदा लक्षणे सुरू झाली की या रोगातून माणूस जवळजवळ वाचत नाही. आणि वेळेवर लस घेतली तर तो जवळजवळ होतच नाही. इतका सरळ हिशेब वैद्यकशास्त्रात क्वचितच असतो.

"पण पिलू तर घरचं आहे, दोनच महिन्यांचं आहे," हा युक्तिवाद टिकत नाही. कुत्र्याची रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात दिली जाते. म्हणजे ज्या काळात पिल्लू सगळ्यात जास्त दात मारते, त्याच काळात त्याला लसीचे संरक्षण नसते. त्याची आई कुठली, तिला लस होती का, पिल्लाला कुणी चावले होते का, हे पुष्कळदा ठाऊक नसते.

दात किंवा नख लागले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. त्यावर हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नये, पट्टी घट्ट बांधू नये. मग त्याच दिवशी दवाखाना. अखंड कातडीला नुसते चाटले असेल तर लस लागत नाही. कातडीवर ओरखडा उठला, दात रुतला पण रक्त आले नाही, तर लस लागते. रक्त आले किंवा उघड्या जखमेला, डोळ्याला, ओठांच्या आत लाळ लागली, तर लसीबरोबर जखमेत सिरमही द्यावे लागते.

"पोटात चौदा इंजेक्शनं" ही भीती अजून काही घरांत आहे. ती जुनी लस २००४ च्या अखेरीस देशात बंद झाली. आता सरकारी दवाखान्यात दंडाच्या कातडीत, पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी लस देतात. इथे पहिल्या इंजेक्शनचा दिवस शून्य धरायचा. ती मोफत असते. पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवावे, पण त्या दहा दिवसांसाठी लस थांबवू नये. पिल्लू धडधाकट राहिले तर पुढचे डोस कसे करायचे ते डॉक्टर सांगतील.

मुलांना एक गोष्ट जरूर सांगा, दात लागला तर घरी सांगायचे, कुणी रागावणार नाही. पिल्लू काढून टाकतील या भीतीने मुले चावा लपवतात. शिक्षेच्या भीतीने पिल्लू पलंगाखाली शू करते, तसेच हे.

शिकलेले पिल्लू पुन्हा करू लागले तर

महिनाभर नीट वागणारे पिल्लू एकाएकी घरात करू लागले, तर आधी आजार आठवावा. वारंवार थेंब थेंब शू, शू करताना कण्हणे, रक्त, सारखी तहान, पातळ शी, उलट्या, यापैकी काही असेल तर पशुवैद्यकांना दाखवावे. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. लोक त्यांना "ढोरांचा दवाखाना" म्हणतात म्हणून तिथे कुत्र्याला बघत नाहीत असे नाही. अवघड आजारासाठी अकोल्याची पशुवैद्यक संस्था आपल्याला जवळ आहे. सहा महिन्यांनंतर नर पाय वर करून सोफ्याला, दाराला शू करू लागला, तर ती हद्द आखण्याची खोड असते. नसबंदीने ती बऱ्याच अंशी कमी होते.

या सगळ्याला कंटाळलेल्या माणसाचा शेवटचा उपाय काय असतो, हे आपण सारे जाणतो. पिल्लू पिशवीत घालून गावाबाहेर, धाब्याजवळ, मंदिराच्या आवारात सोडून येणे. ते जगले तर लसीविना, भुकेले, माणसाच्या हाताला घाबरणारे कुत्रे होते. पुढे शाळेच्या वाटेवर चावणाऱ्यांत एकाची भर पडते. ज्याला घरात मार खावा लागला, त्याच्याकडून रस्त्यावर मायेची अपेक्षा करता येत नाही.

म्हणून पिल्लू आणण्याआधीच घरात ठरवावे, पहिले दोन महिने दिवसा कोण बघणार, रात्री कोण उठणार, रोजची शी कोण उचलणार, लसीच्या तारखा कोण सांभाळणार. चारही प्रश्नांना नाव मिळाले, तर पिल्लू आणायला हरकत नाही. न मिळाल्यास मुलाच्या हट्टापुढे थोडे थांबावे. मूल मोठे होईल, तेव्हा यातली दोन कामे तेच करील.